न्यायाधीश बदलून हवेत!

३ मार्च. संध्याकाळ.
शेजाऱ्याने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून पत्र्याची शेड ठोकली, त्याविरुद्ध माझा दावा. आज न्यायाधीश मला म्हणाले, बसा. शेजाऱ्याला म्हणाले, बोला. उघड उघड पक्षपात! बायकोचं म्हणणं, आज साक्ष त्याची होती, मग तोच बोलणार. तिला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. बिचारी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. तिच्यासाठीच तर लढतोय.

१० मार्च.
मी बोलताना न्यायाधीशांना जांभई. शेजारी बोलताना मात्र भराभर लिहून घेतात. आमचे वकील म्हणाले, तो स्वतःच्या तोंडाने सगळं कबूल करतोय, म्हणून लिहितात. वकीलही फुटलेले दिसतात.

१४ मार्च.
इन्व्हेस्टिगेशन. न्यायाधीश आणि शेजारी एकाच सलूनमध्ये जातात! सलूनवाला तोंड उघडेना, म्हणून आधी दाढी केली, मग कटिंग, मग चंपी. शेवटी बोलला. वर म्हणतो, तुम्हीही इथेच येता की वर्षानुवर्षं. हा पॉइंट अर्जात घेणार नाही. अर्ज उगाच लांबतो.

१५ मार्च.
संकल्प: उद्या पहाटे उठून, शांत डोक्याने अर्ज लिहायचा.

१६ मार्च. सकाळचे साडेदहा.
अन्यायाने फार थकवा येतो.

१८ मार्च.
अर्ज तयार. ‘जांभई’खाली दोन रेघा. वकिलांना पत्ता लागू न देता दाखल करणार. बायको म्हणाली, निकाल तोंडावर आलाय, जरा गप्प बसा. गप्प बसून कोणाचं भलं झालंय?

२१ मार्च.
विजय! न्यायाधीशांनी अर्ज वाचला, किंचित हसले. म्हणाले, विश्वास नसेल तर हे प्रकरण मी ठेवत नाही, दुसऱ्या कोर्टात जाईल. बाहेर शेजाऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरून थँक्यू म्हटलं. इतका खिलाडू पराभूत मी पाहिला नव्हता.

२२ मार्च.
वकिलांचा फोन. त्यांना आतून कळलं, की निकाल टाइप होऊन फक्त सही राहिली होती. शेड पाडा, असाच. आता नव्या कोर्टात युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून, आणि तारीख थेट पुढच्या वर्षाची. वकील इतके ओरडले, की फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यामुळे बायकोनेही सगळं ऐकलं.

ती ओरडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढंच म्हणाली, की शेजाऱ्याने वकिलाचा खर्च उगाच केला, त्याच्या बाजूने तुम्ही होतातच.

यावर अपील कुठे करतात, ते वकिलांना विचारायला हवं. ते फोन उचलत नाहीत.