दोष वायूचा

३ मार्च
आमच्या जेवणाच्या टेबलावर परचक्र आले आहे. पंचवीस भोकांची लाकडी पाटी, पंचवीस खुंट्या, शेजारी घड्याळ. मी ताट मांडीवर घेऊन जेवतो. दाद कुणाकडे मागावी?

पाटी हिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सरावाला दिली. ही बावीस वर्षे ऑपरेशन थिएटरात सिस्टर. गेल्या महिन्यात टाके घालण्यापूर्वी गॉझचे तुकडे मोजताना चुकली. एक तुकडा रुग्णाच्या पोटात राहिला. वाचला बिचारा — पोट दुसऱ्यांदा उघडून.

नंतर कळले, भुलीच्या यंत्राची नळी गळत होती. बाई म्हणतात, तो वायू जरासाच नाकात गेला तरी हात जड होतात, लक्ष सुटते, आणि ज्याचे सुटते त्याला पत्ता नसतो. बाहेर राहिले की उतरते. महिनाभरात ही सुधारली तर दोष वायूचा. नाही सुधारली तर हिच्या आईचे दुखणे. आई शेवटी लेकीला ओळखत नव्हती.

हे वायो, तूच दोषी ठर!

९ मार्च
खुंट्या — एक मिनिट पन्नास सेकंद. परवापेक्षा जास्तच. विचारले, खुंट्या लावताय की झाडे, बाईसाहेब? हसली. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

१४ मार्च
चाचणी. आकडे ऐकून उलटे म्हणायचे. पाच ओळींपैकी चार चुकल्या. मी टेबलापलीकडून डॉक्टरीणबाईंचा कागद वाचला. पाठ झाला. वेदपाठशाळेतला मार फुकट गेला नाही.

१५ मार्च
त्याच ओळी हिच्याकडून घोकून घेतो. सुलट, उलट, पुन्हा उलट. सकाळ-संध्याकाळ.
“अहो, ही कॉपी झाली.”
म्हटले, आमच्यात याला अध्ययन म्हणतात.

२२ मार्च
तीन ओळी आल्या. दुपारी विसरली. पुन्हा पहिल्यापासून.

३१ मार्च
कागद तोच! बाईंनी बदललाच नव्हता. पाचही ओळी बरोबर. खुंट्या रेंगाळल्या, पण बोटे आखडली आहेत म्हणून निभावले. “वायूचाच दोष,” बाई म्हणाल्या, “सोमवारपासून या कामावर.” जिन्यात ही माझा हात धरून रडली. किती दिवसांनी सुखाने!

१ एप्रिल
थिएटरातली नळी बदलली म्हणे. मोजणी हिच्याकडेच.

२ एप्रिल
सकाळी विचारले तिने, “आपली चाचणी कधी आहे हो?”

सोमवारी कुणाचे तरी पोट उघडे असेल आणि मोजत ही असेल. मला भीती वाटते. डॉक्टरीणबाईंना खरे सांगायला हवे, आणि सांगवत नाही.