पहिल्या धारेचं पाणी

१२ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा मेल्या! नाल्याच्या पाण्यातल्या पाणपिसवा मजेत आहेत — टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पण उड्या बघाव्यात. आणि नळाच्या स्वच्छ पाण्यातल्या सगळ्या तळाशी. निदान या तरी जगायला हव्या होत्या. मागच्या आठवड्यातही हेच.

प्रयोगशाळेतला सिनियर (त्याचं नाव आम्ही ‘हातमोजे’ पाडलंय, जेवतानाच काय ते काढतो) म्हणाला, बरण्यांत साबण राहिला असणार, कॉलेजची पोरं घेतली की हेच होतं. मला पुढच्या सत्रात ठेवायचं की नाही, हे प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम या आठवड्यात ठरवणार.

१३ सप्टेंबर

बोटांची सालं निघेपर्यंत बरण्या धुतल्या.

१४ सप्टेंबर

मेल्याच.

हातमोजे हळूच म्हणाला, तेवढा एक आकडा गाळ, कोण बघतंय? वाईट म्हणजे मी विचार केला.

रात्री ताटात चिवडत बसले. आई सारखी विचारत होती. शेवटी सांगितलं. दादा पोळी तोडता तोडता म्हणाला, “मेलेल्यांना मेलेलं लिही आणि जेव.”

१५ सप्टेंबर

सगळं जसंच्या तसं मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी एवढंच विचारलं, पाणी कधी भरतेस? म्हटलं, सकाळी, आल्या आल्या, कोणी यायच्या आत. नळ थोडा वेळ वाहू देतेस का? — नाही, पाणी कशाला वाया घालवायचं?

त्या चक्क हसल्या. उद्या मी भरते, म्हणाल्या.

१७ सप्टेंबर, शनिवार

मॅडमच्या हातच्याही मेल्या! एवढा आनंद होणं बरं नव्हे.

त्यांनी दोन बरण्या भरल्या होत्या. एकीत नळाची पहिली धार, दुसरीत नळ बराच वेळ वाहिल्यानंतरचं पाणी. पहिलीतल्या गेल्या, दुसरीतल्या जिवंत. पाईप तांब्याचे आहेत. रात्रभर पाणी आत साचून राहतं, त्यात तांबं उतरतं. माणसाला चालतं, या जिवांना नाही. आणि रोज सकाळी पहिली येणारी शहाणी मीच!

साबण नव्हता. पुढच्या सत्रात मी आहे.

दादा म्हणतो, पहिल्या धारेची होती, आडवं पाडणारच. आईने त्याला लाटणं दाखवलं. मी दोनदा भात घेतला.

१९ सप्टेंबर, सोमवार

ते पाईप तीन वर्षांपूर्वी टाकलेले. नाल्याच्या पाण्यात पाणपिसवांना पिल्लं कमी होत नाहीत, हा मॅडमचा गाजलेला निष्कर्ष त्यानंतरचा. तुलना याच नळाच्या पाण्याशी! तेव्हा नळ वाहू दिला असला, तरी वाहत्या धारेतही थोडं तांबं असणारच. म्हणजे पिल्लं कदाचित दोन्हीकडे कमीच होती.

आज त्यांनी तो निष्कर्ष मागे घेतला. मग बाह्या सरसावल्या.

“ते सगळे प्रयोग आता तू परत करायचे. बरण्या मी धुते.”