कुसाबाईची जबानी

नाशिक, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय मोहिनी,

पुढच्या रविवारी वकिलांच्या खोलीत बाबांची तसबीर लावायचं ठरलं, हे तुला कळलं असेलच. वकील संघाचे अध्यक्ष स्वतः घरी आले होते. फोटो मीच काढून दिला, काळ्या कोटातला, हायकोर्टात नेमणूक झाली त्या वर्षीचा, त्र्याण्णवचा. चहा पिताना ते म्हणाले, सायखेड्याहून सायकलवर येणारा मुलगा न्यायमूर्ती झाला, हे नव्या पोरांना कळायला हवं. मी मान हलवली.

सायकल तुला आठवणार नाही. तेव्हा त्यांचं ऑफिस म्हणजे कोर्टाबाहेर झाडाखालचं एक टेबल होतं. मी चौथी शिकलेली. पुड्यांचे कागद, मग वर्तमानपत्र, मग वाचनालयातल्या कादंबऱ्या, असं वाचत गेले, आणि त्यांना त्याचं फार कौतुक. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. मी छापील अक्षरावर शिकले होते. हाताने घाईत लिहिलेलं मला लागत नसे. तुझी होस्टेलवरची पत्रं मी शेजारच्या लताबाईंकडून वाचून घ्यायची. तुला आज कळतंय.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत बाबांना काचबिंदूने नीट दिसत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. इंग्रजी कागद स्टेनो वाचून दाखवायचा, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण साक्षीदार जे बोलला ते त्याच्याच भाषेत ऐकल्याशिवाय निकाल लिहायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. म्हणून मराठी जबान्यांच्या झेरॉक्स घरी यायच्या आणि रविवारी सकाळी मी वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच हात वर केला की मी थांबायची.

दोन हजार साली एक अपील होतं. पेठच्या बाजूचा सहादू, बांधाच्या भांडणात शेजाऱ्याला मारलं म्हणून जन्मठेप झालेला. मेलेल्याची आई कुसाबाई, तिची जबानी भाषांतरात चारच ओळींची होती, म्हणून बाबांनी मूळ मागवली. बाकीच्या जबान्या टाइप केलेल्या, हिची तेवढी हाताने लिहिलेली. पहिलं पान मी अडखळत काढलं. दुसऱ्यावर एकही ओळ लागेना. वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली गं. मी म्हणाले, "बाकी तेच आहे." त्यांनी मान हलवली. सहादूला सरकारने दिलेला वकील कोर्टात फारसं बोललाच नाही. महिन्याभरात अपील फेटाळलं.

बाबा गेल्यावर मी त्यांच्या डायऱ्या काढल्या. दुसरं काय करणार होते? त्यांचं अक्षर तुला माहीत आहेच. रोज अर्धं पान, मग एक, असं वर्षभर वाचत राहिले. या श्रावणात ट्रंकेत तळाशी त्या झेरॉक्स सापडल्या आणि या खेपेला मला सगळं लागलं. कुसाबाईने सांगितलं होतं, माझ्या लेकाला घाव बसला तेव्हा सहादू माझ्याच घराच्या छपरावर कौलं बसवत होता, ओरडा ऐकून माझ्याबरोबर धावला. पोटचा मुलगा गेलेली बाई हे सांगत होती.

जबानीवर गावाचं नाव होतं. एसटीने गेले. कुसाबाई वारली आहे. सहादूची बायको भागीबाई नागली पाखडत होती. तो नऊ वर्षं आत आहे. तिने कोरा चहा दिला. माझा नवरा कोर्टात होता एवढंच मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग आमच्या कुसाआजीनं सांगितलेला त्यांनी वाचला नाय का?" भांडायला नाही, खरंच विचारत होती. मी कप खाली ठेवला आणि परतीची गाडी धरली. त्याला तीन महिने झाले.

मोहिनी, तू वकील आहेस, म्हणून लिहिते. उशीर झाला तरी दिल्लीच्या कोर्टात अर्ज करता येतो, असं बाबाच एकदा म्हणाले होते. घडलं ते मी प्रतिज्ञापत्रात सांगेन. मग न्यायमूर्तींना दिसत नव्हतं आणि चौथी शिकलेली बायको कागद वाचायची, हे पेपरात येईल. त्यांचे इतर निकालही लोक उकरतील. तू रागावशील, तो तुझा हक्क आहे. पण तो माणूस अजून आत आहे. तसबीर लावू नका, असं मी काल अध्यक्षांना कळवलं, कारण सांगितलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी भागीबाईकडे जाणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं आहे. तू बरोबर आलीस तर मला धीर येईल. नाही आलीस तरी मी जाणार आहे.

तुझीच,
आई