हळदीचे जाते आणि शेवटचे वाक्य

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली. तुमच्या ओवीसंग्रहाचा अखेरचा खंड आता कुठे छपाईला निघाला आहे. अडला आहे तो प्रस्तावनेच्या शेवटच्या वाक्यावर. ते तुम्हीच मला लिहून घ्यायला सांगितले होते: ‘आता गोळा करण्याजोगे काही उरलेले नाही.’ तुमचे अनुमान बांधेसूद होते. ओवी कामाला धरून असते. दळण गिरणीत गेले. म्हणून ओवी संपली. ते वाक्य छापून मी ओव्या गोळा करण्याची ही वाट नव्या अभ्यासक मुलींना कायमची बंद करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि खोडायचे तर अनुमानात दोष सापडायला हवा.

गेल्या आठवड्यात पुण्याजवळच्या मांजरी गावात माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलीच्या हळदीला गेले. पूर्वी ऊस होता तिथे इमारती, वाहनतळात मांडव, आणि खुर्च्यांबरोबर भाड्याने आलेले जाते. नवरीची आत्या शेजारी सरबत घेत बसली होती. मी विचारले, “जुन्या ओव्या येतात का?”

“कुठलं ओ बाई! समदं इसरलं. आत्ता डीजे येतोय की.”

तुमचे वाक्य मी मनात कायम केले. तेवढ्यात हळकुंडे दळायला आत्याला हाक आली. खुंटा हाती आला, जाते फिरले, आणि ती गाऊ लागली:

कंपनीची गाडी थांबे हिंजवडीच्या नाक्याला,
सावली धर रे झाडा, माझ्या मैनेच्या डोक्याला.

“आत्या, माझ्या बॉसने ऐकलं ना, तर मेलेच मी!” नवरी म्हणाली.

“ऐकू दे. त्यालाबी घालते एका ओवीत.”

बायका हसल्या. जीन्समधली एक मावसबहीण समोर बसून खुंट्याला हात लावत पुढची ओळ जुळवू लागली. ही ओवी कुठली, असे मी आत्याला विचारले. “कुठली म्हंजे? आत्ता आली. पोरगी रोज सांगती, थांब्यावर ऊन लई हाय.”

आणि एकदम मी पुन्हा त्या जुन्या दिवसांतल्या तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. माझे पहिले टिपण वाचून तुम्ही मटार सोलता सोलता म्हणता आहात, “गाणाऱ्या बाईला खुर्चीवर बसवलेत, हातात चहाची बशी दिलीत, आणि वर गाणे मागितलेत? कमाल आहे.”

दोष सापडला, बाई. दळण गिरणीत गेले हे खरे. पण हात जात्यावरून सुटलेला नाही, आणि हाताला काम मिळाले की ओवी आजची होऊन येते. आपण ‘जुन्या’ मागत राहिलो, म्हणून उत्तरही ‘विसरलं’ असेच मिळत राहिले. वाक्य मी खोडले आहे. ओवी कामाला धरून असते, हा नियम मात्र तुमचाच ठेवला आहे.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एक सांगून ठेवते. त्या ओवीची चाल लिहायला काल टेबलाशी बसले, तर काही केल्या आठवेना. शेवटी ओट्याशी जाऊन मूठभर तांदूळ निवडायला घेतले, तेव्हा आली.