गुडघे टेकता यावेत म्हणून

३ मार्च
गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय! फरश्यांची पेटी घेऊन जिना उतरत होतो, पाय वळला, आत 'कट्' झालं. आज डॉक्टरांनी नडगी धरून पुढे ओढली, तर कपाटाच्या खणासारखी सरकली. सव्वीस वर्षं लोकांच्या घरची सैल फरशी टकटक करून शोधतोय. आता मीच सैल निघालो.

५ मार्च
त्या जागी दुसरं टेंडन बसवायचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. माझंच, गुडघ्याच्या वाटीखालचं घेतलं तर भक्कम — पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकतं. मांडीमागचं घेतलं तर तिथली ताकद बरेच महिने कमी. नाहीतर दात्याचं. म्हणजे मेलेल्या माणसाचं.
डॉक्टर म्हणाले, "त्यात दुसरी जखम होत नाही. रुजायला वेळ लागतो, तरुण खेळाडूंचं तुटतंही जास्त. पण तुम्ही सेहेचाळीसचे, तुम्हाला चालेल. काम काय करता?"
गुडघ्यांवर बसून पोट भरतो, म्हटलं.

६ मार्च
बायको म्हणते, दात्याचंच घ्या, एवढा विचार कसला!
तिला ठाऊक नाही, ती त्या दिवशी घरी होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा हॉस्पिटलमध्येच तिथली एक बाई आमच्याकडे हेच मागायला आली होती. मी सगळ्यांदेखत ओरडलो — "माझ्या बापाला हात लावायचा नाही!" आणि तरातरा खाली निघून गेलो. आई तिथेच बसून राहिली. घरी आणल्यावर बाबांच्या पायांवरची चादर तिने कुणाला सरकवू दिली नाही.
आता कोणत्या तोंडाने घेऊ? लाज वाटते.

९ मार्च
बाबाही फरश्याच बसवायचे. त्यांच्या गुडघ्यांच्या गाद्या बांधून हॉलमध्ये टेकून पाहिलं. मिनिटभरही जमलं नाही.

१० मार्च
ठरलं. वाटीखालचंच काढा म्हणून सांगणार. दुखलं तर दुखू दे, माझ्या कर्माने दुखेल. आईला सांगितलं. का, तेही सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

११ मार्च
सकाळी आईने हॉस्पिटलचा एक कागद पुढ्यात ठेवला. बाबांचं नाव. दोन्ही पायांची टेंडनं. खाली तिची सही.
"तू खाली गेलास ना, तेव्हा केली. तुला सांगायचा धीरच झाला नाही रे. कुणाचे तरी पाय चालत असतील."
खूप रडलो. मग डॉक्टरांना फोन केला — दात्याचं बसवा.