आधी भांडी घास

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

चि. दादा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत आणि तूही बरा असशील असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र तुझ्या प्रिंटिंग प्रेसच्या पत्त्यावर टाकते आहे. आधी मालकांच्या हाती पडलं तरी हरकत नाही, आत चोरून वाचण्यासारखं काही नाही.

बातमी अशी की मी नवीन फोन घेतला. आपली चिंगी गेल्यापासून मी तिचाच वापरत होते, त्याची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण सुटून वर आलं. दुकानदार बघताच म्हणाला, "मावशी, हा उशाशी घेऊन झोपत नाही ना? पेट घेईल एखाद्या दिवशी." मी घेऊनच झोपत होते. त्याला तसं सांगितलं नाही.

बाबा बरोबर होते. त्यांची खरेदी तुला माहीत आहे, दुकानदाराने पाणी विचारलं तरी त्यांना त्यात काहीतरी डाव दिसतो. स्वस्तातले चार फोन समोर मांडून त्याने विचारलं, "कॅमेरा कसा पाहिजे?" मी म्हटलं, "कसाही. फोटो कोणाचे काढायचेत आता?" तो बिचारा चारही फोन पुसत बसला. मग बाबा म्हणाले, "कॅमेऱ्याचं सोडा हो. आत जागा किती आहे ते सांगा. जुन्यातलं सगळं मावलं पाहिजे." तेव्हा चारांतला सगळ्यात जास्त जागेचा घेतला. दिसायला नुसता ठोकळा आहे. चिंगीने नाक मुरडलं असतं. तिचं सगळं त्यात आलंय म्हणे. मी अजून उघडून बघितलेलं नाही.

रडू येत नाही, दादा. शेजारणी येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मी त्यांना चहा देते. शिवणाची कामं वेळेवर जातात. काज, बटणं, सगळं नीट. परवा एकीने शाबासकी दिली, म्हणाली, किती धीराची आहेस. धीर कसला? हाताला सुई टोचली तरी उशिरा कळतं.

तर वायफाय. नव्या फोनवरही ते सारखं तुटायचं. गिऱ्हाइकं नमुन्याचे फोटो पाठवतात ते अर्ध्यातच अडकायचे. शेवटी एका संध्याकाळी मी कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलत होती. बंद करून चालू करा, वायर घट्ट आहे का बघा, असं सगळं माझ्याकडून करून घेतलं. मग म्हणाली, "घरात किती फोन जोडलेत?" मी म्हटलं, दोन, माझा आणि ह्यांचा. ती म्हणाली, "मला तीन दिसतायत. कोणीतरी तुमचं नेट फुकट वापरतंय, मॅडम. पासवर्ड बदलून टाका." फोनवर ती यादी कुठे बघायची तेही तिने दाखवलं. मी बघितली. तिसरं नाव तुझ्या फोनचं होतं, दादा.

फोनचा स्पीकर चालू होता. बाबा समोरच बसले होते.

मी म्हटलं, असू दे, आणि फोन ठेवला. उठून दारापाशी गेले. राउटर चपलांच्या कपाटावर, म्हणजे वायफाय जिन्याच्या वळणापर्यंत सहज जात असणार. खाली तू खोकलास. मी कडीला हात लावला आणि तसाच ठेवला. दार उघडलं तर तू निघून जाशील आणि पुन्हा येणार नाहीस, असं वाटलं. थोड्या वेळाने यादीत दोनच नावं उरली. त्यानंतर मी रोज बघायला लागले. प्रेस सुटली की तू येतोस. फुकट नेटसाठी म्हणावं तर ते प्रेसमध्येही आहेच.

 आठवड्याने बाबा म्हणाले, "राउटर जुना झालाय, बदलून टाकू." मी यादी उघडून पुन्हा बघितली. कंपनीचा माणूस नवीन घेऊन आला आणि म्हणाला, "दारात कशाला ठेवलाय? मधल्या खोलीत ठेवा, घरभर येईल." बाबांनी मान हलवली. नवं नाव, नवा पासवर्ड. वायफाय झकास चालायला लागलं. यादीत दोनच फोन.

रोज जेवताना बाबा विचारायचे, "किती दिसतात?" मी सांगायचे, दोन. ते "हं" म्हणायचे. मला त्यांची चीड यायची, तेवढीच काय ती जाणीव उरली होती. वाटायचं, पोराला दारातून घालवलं ते पुरलं नाही, आता जिन्यातूनही घालवलं.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हते. तुम्हा दोघांची स्कूटर घसरली ती रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून, हे पोलिसांनी सांगितलंय, आम्हा दोघांना ठाऊक आहे. तरी बाबा तुला दारातच म्हणाले, "बहिणीला सोडून तू कसा आलास?" मी त्यांच्या मागे उभी होते. मी त्यांना गप्प केलं नाही. तुला आत ये म्हटलं नाही. तुझ्या हाताला प्लास्टर होतं आणि बॅग तू डाव्या हाताने उचललीस.

आज सकाळी बाबांनी स्टूल आणलं, मधल्या खोलीतला राउटर काढला, वायर ओढत नेली आणि तो पुन्हा चपलांच्या कपाटावर ठेवला. आता त्यांच्या खाटेपाशी बातम्या दिसत नाहीत. मग माझा फोन मागितला आणि एका बोटाने वायफायचं नाव लिहीत बसले. तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मला म्हणाले, "तिने ते नाव नीट कसं लिहिलं होतं गं? सगळं जोडून की सुटं?"

तू भांडी घासायचं टाळायचास म्हणून चिंगीने तुझ्यासाठी ठेवलेलं जुनं नाव. आधी भांडी घास. मी सांगितलं, सुटं. पासवर्डही त्यांनी तिचाच घातला.

मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाले, "पुन्हा कोणाला पासवर्ड विचारत बसायला नको." घरातले दोन्ही फोन तेव्हा त्यांच्याच मांडीवर होते.

मग ते मोरीत जाऊन चूळ भरत राहिले, बराच वेळ. मी बाहेर उभी होते. मला वाटतं मीही रडले. नीट सांगता येत नाही, पण पदर ओला झाला होता.

तर जिन्यात ते पुन्हा येतंय. तुझा फोन आपोआप जोडला जाईल, काही करावं लागणार नाही. बाबा जेवताना विचारतील, किती दिसतात. त्या वेळी मला त्यांना खरोखर तीन म्हणता येईल असं कर. आणि मी तीन म्हटलं की ते स्वतः दार उघडतील. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, पण आज त्यांनी जेवायचा तिसरा पाट दारासमोर मांडला आहे.

भांडी मी घासेन.

तुम्हा दोघांची,
आई