मोठ्या बाईंच्या दाराचा काटकोन

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगते तसा शेकता, की नुसतं "हो हो" म्हणता?

एक प्रश्न विचारते, मला उत्तर येत नाही. ज्याच्या भरवशावर आपण दुसऱ्याला वाकडं म्हणतो तोच वाकडा निघाला, तर आधी माफी कुणाची मागायची?

झालं असं. भूमितीच्या उजळणीला सातवीची मुलं जांभया देतात, म्हणून मी मोठ्या बाईंकडून शोधखेळाची परवानगी मिळवली. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे मला अजून वाटतं की परवानगी मागितली की जग बदलतं.) चिठ्ठ्या वाटल्या: शाळाभर हिंडा, काटकोन, विशालकोन, समांतर रेषा शोधून आणा. एका गटाने विशालकोन म्हणून खुर्चीत पेंगणाऱ्या शिपाईकाकांची मान आणली, म्हणजे काकांनाच आणलं. दुसऱ्याने अबोला धरलेल्या दोघी मैत्रिणी समांतर म्हणून उभ्या केल्या.

काटकोन तपासायला मी सुताराचा गुण्या दिला होता. (कुणाचा, ते शेवटी.) मुलांनी तो मोठ्या बाईंच्या नव्याकोऱ्या दाराला लावला आणि ओरडली, "बाई, दार वाकडं!" मोठ्या बाईंना वाकडं काही खपत नाही. काकांनी लगेच रंधा आणून दाराची खालची कड गुण्याबरहुकूम तासली.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी उठली. (तिचं प्रत्येक वाक्य "पण बाई"ने सुरू होतं, म्हणून तिचं नावच ते पडलंय.) "पण बाई, गुण्या कुणी तपासला?" तिने टेबलाच्या कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. त्या फाकत गेल्या. मामा, वर्गात जो जल्लोष झाला! काटकोन म्हणजे काय हे चाळीस पोरांना एका दमात कळलं. मी तर टाळ्या वाजवत बाकावर बसले.

मग दाराची आठवण झाली. आता त्याखाली उंदीर मिरवत जाईल एवढी फट आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "दार नीट होईपर्यंत खेळ बंद. पुन्हा व्याख्या पाठ करून घ्या."

घरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
"प्रोफेसर"

ता. क. शनिवारी हत्यारांची पेटी घेऊन या. तुम्ही येणार असं मी मोठ्या बाईंना लिहून दिलंय.

ता. क. दुसरा: "माझा गुण्या कधी खोटं बोलत नाही," म्हणत तुम्ही महिनाभर शेजारच्या सुतारावर तो चोरल्याचा संशय घेताय ना, तो सोडा. गुण्या मीच नेला होता.

ता. क. शेवटचा: तो आता परत मिळणार नाही. वर्गाच्या भिंतीवर मी तो ठोकलाय, खाली लिहिलंय, "आधी मला तपासा." नवा गुण्या सोबत पाठवला आहे. "पण बाई"ने दोनदा उलटून पाहिलाय.